पोटदुखीचा प्रौढ रुग्ण कॅज्युअल्टीत : निदान ठरत नाही तेव्हा काय पाहायचं, कुणाला थांबवायचं

कॅज्युअल्टीत नव्याने काम सुरू केलेल्या डॉक्टरांचा प्रश्न असा आहे : पोटदुखीचा प्रौढ रुग्ण येतो, बऱ्याचशा तपासण्या नॉर्मल येतात, निदान काही ठरत नाही. अशा वेळी कुणाला ठेवून घ्यायचं, कुणाला घरी सोडायचं, आणि सीटी सगळ्यांचाच करायचा का?

पोट दुखतं म्हणून आलेल्या प्रौढांपैकी साधारण दर तिसरा-चौथा माणूस नेमकं निदान न होताच घरी जातो, आणि त्यातल्या बहुतेकांचं दुखणं काही दिवसांत आपोआप थांबतं. तेव्हा रोगाचं नाव सापडलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. स्वतःला विचारायचं ते एवढंच : काही तासांत जीव घेऊ शकणारी कारणं मी खरोखर तपासून बाजूला काढली का, आणि या रुग्णाचं पोट मी एकदाच तपासलं की दोनदा? कॅज्युअल्टीतल्या चुका पाहिल्या तर बहुतेक या दोन प्रश्नांपाशीच येऊन थांबतात.

पोटाला हात लावण्याआधी रुग्णाकडे नीट पाहा. आतडं फुटून घाण पोटभर पसरलेला माणूस निपचित पडून राहतो. स्ट्रेचरला धक्का लागला तरी कळवळतो, श्वासही वरच्यावर घेतो. मूतखड्याची कळ आलेला माणूस एका जागी टिकत नाही. उठतो, वाकतो, कुशी बदलतो. तिसरा प्रकार म्हणजे माणूस अक्षरशः तळमळतोय, पण पोट मात्र मऊ लागतंय. त्याच्याबद्दल पुढे लिहितो, कारण तोच सगळ्यात जास्त निसटतो. नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन यांच्यासोबत श्वासाचा वेग घड्याळ लावून स्वतः मोजा. तक्त्यात तो बहुतेकांचा १८ किंवा २० लिहिलेला असतो. मिनिटाला २८ श्वास घेणाऱ्या पोटदुखीच्या रुग्णाच्या रक्तात आम्ल साचलेलं असण्याची दाट शक्यता असते, आणि ते मधुमेहामुळे, जंतुसंसर्गामुळे की रक्तपुरवठा तुटलेल्या आतड्यामुळे, हे शोधणं हेच मग पुढचं काम होतं.

पहिल्या दहा मिनिटांत तीन साध्या गोष्टी व्हायला हव्यात. दुखणं बेंबीच्या वर असेल आणि वय चाळिशीपुढचं असेल, किंवा कमी वयातही मधुमेह असेल, तर इसीजी. हृदयाच्या खालच्या भिंतीला आलेला झटका कधीकधी छातीत काहीही न होता फक्त पोटाच्या वरच्या भागात जळजळ, मळमळ आणि घाम घेऊन येतो. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात हे विशेष दिसतं. अँटासिडने बरं वाटलं यावरून हृदय ठीक आहे असं ठरत नाही. दुसरं, बोट टोचून साखर. तिसरं, मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीची लघवीची गर्भचाचणी. पाळी वेळेवर आली होती, नसबंदी झाली आहे, तांबी बसवली आहे, संबंधच आलेले नाहीत, यातलं कोणतंही उत्तर ही चाचणी टाळायला पुरेसं नाही. नसबंदीनंतर किंवा तांबी असताना गर्भ राहिलाच, तर तो नलिकेत असण्याचं प्रमाण उलट वाढतं. हे प्रश्न विचारताना नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगा.

चाचणी पॉझिटिव्ह आणि सोनोग्राफीत यकृत व उजव्या मूत्रपिंडाच्या मधल्या खाचेत द्रव दिसला, गर्भाशयात गर्भपिशवी नाही, तर ती बाई ऑपरेशन थिएटरकडे निघायला हवी. बीटा एचसीजीचा (रक्तातल्या गर्भारपणाच्या संप्रेरकाचा) आकडा कमी आहे म्हणून सोनोग्राफी पुढे ढकलू नका. आकडा १००० च्या खाली असतानाही फुटलेली नलिका सापडते. नाडीवरही विसंबू नका. पोटात भरपूर रक्त साचूनही नाडी ८० वर राहिलेली दिसते, आणि तरुण शरीर बीपी बराच वेळ सावरून धरतं. अशा बाईने सांगितलेली 'शौचाला बसले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली' किंवा 'खांदा दुखतोय' ही तक्रार कोणत्याही आकड्याइतकीच गंभीर घ्या. खांदा दुखतो कारण छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली साचलेलं रक्त फ्रेनिक नसेला चिथावतं, आणि ती नस मानेतून, खांद्याच्या संवेदनेच्याच पातळीवरून निघते. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डी या इंजेक्शनचा विचार विसरू नका.

साठीच्या आसपासचा किंवा पुढचा माणूस, विशेषतः धूम्रपान करणारा पुरुष, कुशीत किंवा पाठीत कळ येते म्हणून आला आणि मूतखड्याचा पूर्वेतिहास नाही, तर महाधमनी (पोटातली मुख्य रक्तवाहिनी) पाहिल्याशिवाय मूतखडा हा शब्द लिहू नका. फुटायला आलेला महाधमनीचा फुगा मूतखड्याचंच सोंग घेतो. लघवीत रक्तपेशीही दाखवतो. प्रोब छातीच्या हाडाखाली आडवा ठेवा, मणक्याच्या पुढ्यातली धमनी ओळखा आणि ती दुभागते तिथपर्यंत, म्हणजे साधारण बेंबीपर्यंत, सरकत जा. बाहेरच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत मोजा. ३ सेंटिमीटर किंवा जास्त म्हणजे फुगा. पोटात मोकळं रक्त दिसलं नाही म्हणून फुगा फुटलेला नाही असं समजू नका, कारण रक्त बहुधा मागच्या बाजूला, आंत्रावरणाच्या पाठीमागे झिरपतं आणि ते सोनोग्राफीत दिसत नाही. रुग्ण शुद्धीवर असेल, बोलत असेल, तर वरचा बीपी ८०-९० पुरेसा आहे. सलाईनच्या बाटल्या ओतून तो १२० वर नेला की धरलेली गुठळी सुटते आणि रक्त पातळ होतं. रक्ताची सोय आणि सर्जनला फोन, दोन्ही एकाच वेळी.

आता तळमळणारा पण मऊ पोटाचा रुग्ण. आतड्याचा रक्तपुरवठा अचानक तुटला की पहिल्या काही तासांत आतड्याची आतली बाजू उपाशी पडते. तिथून निघणारी वेदना भयंकर असते, पण पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत दाह अजून पोहोचलेला नसतो, त्यामुळे दाबल्यावर फारसं काही सापडत नाही. पोट कडक होईपर्यंत आतडं मेलेलं असतं. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या पायांच्या रक्तवाहिन्या आधीच बंद आहेत, ज्यांनी रक्त पातळ करणारी गोळी मध्येच थांबवली आहे, अशा वयस्क माणसात हे आधी मनात आणा. बऱ्याचदा वेदनेसोबत जोराची उलटी किंवा पातळ शौच होते, आणि इथेच केसपेपरवर 'गॅस्ट्रो' लिहिलं जातं. लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशी रक्तात सोडतात ते आम्ल) वाढलेलं असेल तर शंका पक्की करा. पण लॅक्टेट नॉर्मल असेल तर सुटलो असं समजू नका, कारण सुरुवातीला ते नॉर्मलच असू शकतं. यावर तपासणी एकच : धमन्या दाखवणारी सीटी अँजिओग्राफी. तोंडावाटे कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) देऊन वेळ घालवू नका, किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबू नका. किडनीला होऊ शकणारा त्रास हा आतडं गमावण्यापुढे छोटा आहे. रेडिओलॉजिस्टला विनंतीपत्रावर 'पोटदुखी' एवढंच लिहू नका. 'आतड्याच्या धमनीत अडथळ्याची शंका' असं स्पष्ट लिहा. साध्या पोर्टल फेजच्या, म्हणजे कॉन्ट्रास्ट धमन्यांतून पुढे शिरांत पोहोचल्यावर काढलेल्या सीटीत धमनीतली गुठळी निसटू शकते.

इतिहास विचारताना तीन गोष्टींवर वेळ खर्च करा. दुखणं कसं सुरू झालं? 'अमुक वाजता, अमुक करत असताना' इतकं नेमकं सांगता येत असेल तर काहीतरी फुटलं, पिळलं किंवा बंद झालं असं धरून चाला : अल्सर, धमनी, अंडाशय, अंडकोष. हळूहळू तासातासाने चढत गेलं तर दाहाकडे झुका. दुसरं, जागा बदलली का? पोटातल्या अवयवांची वेदना मधोमध आणि अंधूक जाणवते, कारण त्यांच्या नसा दोन्ही बाजूंनी मणक्यात जातात : जठर, पित्ताशय, स्वादुपिंड यांची बेंबीच्या वर, लहान आतडं आणि अपेंडिक्सची बेंबीभोवती, मोठ्या आतड्याच्या उतरत्या भागाची ओटीपोटात. दाह पोटाच्या अस्तराला भिडला की दुखणं एका बोटावर येतं. बेंबीभोवतीचं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकणं यामुळेच अपेंडिक्सच्या बाजूने इतकं बोलतं. तिसरं, आधी दुखलं की आधी उलटी? दुखणं आधी आणि उलटी नंतर हा क्रम शस्त्रक्रियेच्या आजारांचा; उलट्या-जुलाब आधी आणि मग मुरडा हा बहुधा जंतुसंसर्गाचा. याला अपवाद आहेत, पण क्रम विचारायला अर्धं मिनिट लागतं.

याशिवाय आधीच्या शस्त्रक्रिया विचारा आणि पोटावरचे व्रण स्वतः मोजा. लहान आतड्यात अडथळा येण्याचं सगळ्यात मोठं कारण जुन्या शस्त्रक्रियेनंतरची चिकटणं हे आहे. लठ्ठपणासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात वर्षानुवर्षांनी आतडं आतल्या फटीत अडकू शकतं आणि तिथे कधी वाढलेली नाडी ही एकच खूण असते. गोळ्या विचारा : स्टेरॉइड, वेदनाशामक, रक्त पातळ करणारी, बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी). स्टेरॉइड घेणाऱ्याचं पोट आतडं फुटूनही मऊ लागू शकतं आणि बीटा ब्लॉकरवरच्या माणसाची नाडी धावतच नाही.

तपासणीची सुरुवात दुखत नाही त्या कोपऱ्यातून करा, हात गरम करून, रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहत. पोट खोल दाबून हात झटकन सोडण्याची जुनी पद्धत रुग्णाला नाहक त्रास देते. खोकायला सांगा, हलकं बोटाने ठोका. अस्तराला दाह असेल तर एवढ्यानेही तो चेहरा वेडावाकडा करतो. उजव्या बरगडीखाली हात ठेवून खोल श्वास घ्यायला लावा, श्वास मध्येच अडकला तर पित्ताशयाला सूज असण्याची शक्यता; वृद्धांत मात्र ही खूण बऱ्याचदा मिळत नाही. आतड्याचे आवाज ऐकण्यात मिनिटं घालवण्यापेक्षा दोन्ही जांघा उघड्या करून पाहा. वयस्क, कृश बाईच्या जांघेत लिंबाएवढी फीमरल हर्निया (मांडीच्या मुळाशी बाहेर आलेला आतड्याचा भाग) अडकलेली असते आणि कपडे न काढल्यामुळे ती सीटीनंतर कळते. तरुण मुलगा ओटीपोट दुखतं म्हणून आला की अंडकोष तपासलाच पाहिजे. तो लाजून सांगत नाही, आणि पीळ पडल्यापासून साधारण सहा तासांत तो सोडवला तर अंडकोष वाचण्याची आशा चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने घटते. अंडाशयाच्या पिळातही तसंच : डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असं होत नाही, कारण अंडाशयाला दोन बाजूंनी रक्त मिळतं आणि पीळ अर्धवटही असतो. अचानक सुरू झालेलं एका बाजूचं दुखणं, उलट्या आणि मोठं झालेलं अंडाशय एवढ्यावर स्त्रीरोगतज्ज्ञांना उठवा.

दुखणं एका बोटाएवढ्या जागेत असेल तर एक सोपी परीक्षा करून पाहा. दुखऱ्या जागी बोट ठेवून रुग्णाला मान आणि खांदे उचलायला सांगा, म्हणजे पोटाचे स्नायू ताठ होतील. आतल्या अवयवाचं दुखणं ताठ स्नायूंच्या आड कमी होतं. तसंच राहिलं किंवा वाढलं तर दुखणं पोटाच्या भिंतीचं आहे, बहुधा तिथे अडकलेल्या त्वचेच्या नसेचं. अमेरिकन सर्जन जे. बी. कार्नेट यांनी १९२६ साली ही खूण मांडली. आजही ती अनेक सीटी वाचवते. वेदना पट्ट्यासारखी, एकाच बाजूला, त्वचेला स्पर्शही नको वाटतो अशी असेल तर नागिणीचे फोड काही दिवसांनी येणार असतील, तेही सांगून ठेवा.

वेदनाशामक लवकर द्या. सर्जन येईपर्यंत दुखू द्यायचं, नाहीतर निदान झाकलं जातं, ही शिकवण आता टिकत नाही. दुखणं कमी झालेला रुग्ण पोट सैल सोडतो आणि खरी दुखरी जागा उलट नीट सापडते. मॉर्फिन शिरेतून किलोला ०.१ मिलिग्रॅम या हिशेबाने, पण एकदम न देता २ ते ४ मिलिग्रॅमच्या तुकड्यांत, दर ५-१० मिनिटांनी पाहून; वृद्धांत निम्म्याने सुरुवात. ५० किलोच्या वरच्या प्रौढाला पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून १५ मिनिटांत, सोबत दिलं तर मॉर्फिन कमी लागतं. मूतखड्याच्या आणि पित्ताच्या कळेवर डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅम स्नायूत किंवा केटोरोलॅक १५ मिलिग्रॅम शिरेतून छान चालतं. अल्सर फुटल्याची शंका, रक्तस्राव, किडनी बिघडलेली किंवा गर्भारपण असेल तर ही दोन्ही टाळा. आणि एक गोष्ट वेळेसकट लिहून ठेवा : पुरेसा डोस दिल्यावरही दुखणं हटत नसेल, पुन्हा पुन्हा इंजेक्शन मागावं लागत असेल, तर तीच तुमची सगळ्यात महत्त्वाची तपासणी आहे. त्या रुग्णाला घरी पाठवू नका.

रक्ततपासण्यांबद्दल एवढंच लक्षात ठेवा की त्या शंका वाढवू शकतात, एकट्याने शंका मिटवू शकत नाहीत. पांढऱ्या पेशी नॉर्मल असताना सुजलेलं अपेंडिक्स रोज कुठेतरी सापडतं. अपेंडिक्सच्या सुजेसाठीची अल्व्हाराडो गुणपत्रिका १९८६ पासून वापरात आहे : सरकलेलं दुखणं, भूक मरणं, मळमळ किंवा उलटी, दाबून सोडताना होणारी कळ, थोडा ताप आणि न्यूट्रोफिल्स (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढणं यांना प्रत्येकी १, उजव्या खालच्या कोपऱ्यातला दुखरेपणा आणि पांढऱ्या पेशी १०,००० च्या वर यांना प्रत्येकी २. बेरीज १० पैकी ४ किंवा कमी असेल तर अपेंडिक्सची सूज असण्याची शक्यता कमी, ७ किंवा जास्त असेल तर सर्जन हवाच, मधल्यांना स्कॅन किंवा निरीक्षण. तरुणांत ती बरी चालते, वृद्धांत आणि गर्भवतींत तिच्यावर भार टाकू नका.

लघवीच्या रिपोर्टने होणारी फसवणूक वेगळी सांगावी लागते. सुजलेलं अपेंडिक्स मूत्रवाहिनीला किंवा मूत्राशयाला टेकलं की लघवीत पांढऱ्या आणि लाल पेशी येतात. मग 'युरिन इन्फेक्शन' लिहून प्रतिजैविक देऊन रुग्ण घरी जातो आणि दोन दिवसांनी पू घेऊन परततो. लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं यांपैकी काहीच नसेल तर फक्त पेशींवर हे निदान बांधू नका. उलट बाजूने, मूतखड्याच्या दहा-पंधरा टक्के रुग्णांच्या लघवीत रक्त नसतंच. मूतखडा आणि त्यासोबत थंडी-ताप हे मात्र तातडीचं जोडपं आहे : अडलेल्या किडनीतला पू प्रतिजैविकाने उतरत नाही, तो त्याच दिवशी स्टेंट किंवा नळी टाकून काढावा लागतो.

स्वादुपिंडाच्या सुजेसाठी लायपेज (स्वादुपिंडाच्या पाचक द्रव्याची रक्ततपासणी) मागा, अमायलेज ही त्याच प्रकारची तपासणी वेगळी मागायची गरज नाही. विशिष्ट दुखणं, लायपेज वरच्या मर्यादेच्या तिप्पट, आणि स्कॅनमधले बदल, या तीनपैकी दोन असले की निदान झालं. पहिल्या दोन गोष्टी जुळत असतील तर पहिल्याच दिवशी सीटीची गरज नसते, कारण मेलेला भाग ७२ तासांआधी नीट दिसत नाही. पित्ताचे खडे आहेत का यासाठी सोनोग्राफी मात्र सगळ्यांची. सलाईन इथे पूर्वी बेसुमार दिलं जायचं. २०२२ साली आलेल्या एका चाचणीत सढळ हाताने दिलेल्या सलाईनने शरीरात पाणी साचण्याचा धोका वाढला, फायदा दिसला नाही. रिंगर लॅक्टेट (सलाईनचा एक प्रकार) द्या, पाणी कमी पडलं असेल तर सुरुवातीला किलोला १० मिलिलिटर आणि मग तासाला किलोमागे १.५ मिलिलिटर, आणि दर काही तासांनी लघवी, नाडी, फुप्फुसं पाहून बदल.

आता सीटीचा प्रश्न. सगळ्यांचा करू नका, पण पासष्टीपुढच्या रुग्णात करायचा की नाही यावर फार वेळ घालवू नका. या वयात पोटदुखीने आलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना दाखल करावं लागतं आणि बऱ्याच जणांना शस्त्रक्रिया किंवा तसाच काही उपाय लागतो. बऱ्याचदा ताप येत नाही, पोट कडक होत नाही, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत. म्हणून तरुणांत चालणारे सगळे आडाखे इथे फसतात. वृद्धाच्या पोटदुखीला 'बद्धकोष्ठ' म्हणण्याआधी दोन गोष्टी करा : मूत्राशय तुंबलंय का ते सोनोग्राफीने पाहा, आणि मोठ्या आतड्यात अडथळा नाही याची खात्री करा. तुंबलेलं मूत्राशय नळी घातल्यावर दोन मिनिटांत सगळं पोट शांत करतं. पण अडथळा असलेल्याला एनिमा-जुलाब दिले तर फुगलेलं आतडं फुटू शकतं.

उजवीकडे वर दुखत असेल, स्त्रीरोगाची शंका असेल, गर्भारपण असेल तर सोनोग्राफी आधी. सोनोग्राफीत 'अपेंडिक्स दिसलं नाही' असा रिपोर्ट आला तर त्यातून अपेंडिक्स नॉर्मल आहे असं काहीही सिद्ध होत नाही. गर्भवतीत पुढची पायरी एमआरआय. मूतखड्यासाठी कॉन्ट्रास्टशिवायचा सीटी पुरतो. बाकी बहुतेक ठिकाणी शिरेतून कॉन्ट्रास्ट. जठर किंवा आतडं फुटल्याच्या शंकेत उभा छातीचा एक्स-रे काढताना रुग्णाला आधी दहा मिनिटं बसवून ठेवा, म्हणजे हवा पडद्याखाली चढेल. तरीही दर चार-पाचांतला एक जण या एक्स-रेत निसटतो, त्यामुळे हवा दिसली नाही आणि पोट लाकडासारखं लागतंय तर सीटी करा. आतड्याच्या अडथळ्यात लहान आतडं ३ सेंटिमीटर, मोठं ६ आणि सिकम (मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग) ९ च्या पुढे फुगलेलं असेल तर ते असाधारण. कळा येऊन-जाऊन होत्या त्या अचानक सतत झाल्या, नाडी चढली, लॅक्टेट वाढलं, तर आतडं आवळलं जातंय. नाकातून नळी टाका आणि सर्जनची फेरी होण्याची वाट न पाहता फोन करा. जंतुसंसर्ग पोटात पसरल्याची शंका पक्की झाली आणि बीपी घसरला, तर प्रतिजैविक पहिल्या तासात : पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन २ ग्रॅमसोबत मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम, अॅलर्जी विचारून.

पोटात काहीच न सापडणाऱ्या पण आजारी दिसणाऱ्या रुग्णात पोटाबाहेर पाहा. मधुमेहाच्या कीटो-आम्लतेत पोट इतकं दुखतं की शस्त्रक्रियेचा आजार वाटावा. आम्लता उतरली तरी दुखणं उरलं तर मात्र पोटात खरोखर काही आहे. मधुमेहावरच्या 'फ्लोझिन' गटाच्या (लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांत साखर फारशी न वाढताही हे होतं, म्हणून कीटोन मोजा. फुप्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया, फुप्फुसात अडकलेली गुठळी, कॅल्शियम वाढणं, हेही असंच पोटात बोलतात. बरेच दिवस स्टेरॉइड घेऊन थांबवलेला, बीपी न चढणारा, सोडियम कमी असलेला रुग्ण असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून द्या, रिपोर्टसाठी थांबू नका. आणि जिथे मण्यार आढळते तिथे जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी घेऊन आला तर त्याच्या पापण्या पाहा. दंशाची खूण सापडली नाही तरी पापण्या जड होऊ लागल्या की पुढचा धोका श्वासाचा असतो.

घरी सोडण्याच्या निर्णयाआधी दुसरी तपासणी. पहिल्या तपासणीनंतर दोन ते चार तासांनी, शक्यतो त्याच डॉक्टरने, त्याच हाताने. ड्यूटी बदलत असेल तर दोघांनी मिळून पोट तपासा. केसपेपरवरचं 'पोट मऊ' दुसऱ्याच्या हाताला काहीच सांगत नाही. नाडी, बीपी, श्वास पुन्हा मोजा. रुग्णाला चालायला लावा, दोन्ही टाचांवर हलकं आपटायला लावा, पाणी आणि थोडं खाणं द्या. दुखणं कमी झालंय, पोट मऊ आहे, नाडी उतरली आहे, खाल्लेलं पोटात टिकलंय, घरी सोबत माणूस आहे आणि परत येण्याची सोय आहे, तर सोडा. उलट दुखणं अजून बोटाने दाखवता येतंय, किंवा नाडी शंभरच्या वर आहे आणि तिचं कारण सापडलेलं नाही, तर रिपोर्ट कितीही चांगले असोत, थांबवा.

कार्डावर 'अॅसिडिटी' किंवा 'गॅस्ट्रो' लिहू नका. जुलाब नसलेल्या उलटीला गॅस्ट्रो म्हणणं हा तर पुढच्या डॉक्टरच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यासारखा प्रकार आहे. रुग्ण रात्री परत आला की तोही तेच निदान धरून चालतो. 'कारण न कळलेली पोटदुखी, पुनर्तपासणी आवश्यक' असं लिहा आणि रुग्णालाही तसंच सांगा : आत्ता धोक्याचं काही दिसलं नाही, पण सुरुवातीच्या तासांत काही आजार दिसत नाहीत, म्हणून १२ ते २४ तासांत पुन्हा दाखवायचं. जोराच्या वेदनाशामक गोळ्या बांधून देऊ नका, पॅरासिटामॉल पुरे. लगेच परत कधी यायचं ते तोंडी सांगा, कागदावर लिहून द्या आणि सोबत आलेल्या माणसाकडून एकदा वदवून घ्या : दुखणं वाढलं किंवा एका जागी स्थिरावलं, उजवीकडे खाली सरकलं, ताप-थंडी आली, उलटी थांबेना, पोट फुगलं आणि वारा सरेना, चक्कर आली, काळं किंवा रक्ताचं शौच झालं, खांदा दुखू लागला. परत आलेल्या रुग्णाची फाईल पुढे ओढण्याआधी त्याचं पोट पुन्हा पहिल्यापासून तपासा, आणि या खेपेला सर्जनला दाखवूनच सोडा.